हौदाच्या सिनेमाची दवंडी

त्याला सगळे भोंगा म्हणायचे. खरं नाव होतं, पण ते कागदोपत्री. बायको होती तोवर तीसुद्धा चिडली की "अहो भोंगे, जेवायला या" असंच म्हणायची आणि हा मुकाट येऊन बसायचा. घरात मुकाट, रस्त्यावर बोंब. काही माणसांचं असंच असतं, चूल विझलेली आणि धूर गावभर.

धंदा दवंडीचा. तीनचाकी हातगाडी, तिच्यावर बांबूला बांधलेला पत्र्याचा कर्णा, खाली कुठल्यातरी भंगार मोटारीची बॅटरी, आणि हातात माईक. पाणी येणार नाही, चपलांचा सेल लागलाय, पोरगं हरवलंय, मत द्या, सगळं त्याच तोंडातून. सकाळी एका पक्षाचा जयजयकार, दुपारी दुसऱ्याचा, आणि मतदानाच्या दिवशी हा घरी पाय पसरून झोपलेला. कुणी टोमणा मारला तर म्हणायचा, "घसा भाड्यानं दिलाय, डोकं नाही."

मग बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात बाईंनी थेटर काढलं. बाई म्हणजे कॉलेजातली नोकरी सोडून आलेली, केस कापलेली, बोलायला तिखट. बर्फाच्या लाद्या ठेवायच्या जाडजूड भिंतींच्या खोलीत त्यांनी पडदा लावला. खुर्च्या जमतील तिथून आणल्या, काही बंद पडलेल्या शाळेतल्या, काही कचेरीतल्या, दोन तर न्हाव्याच्या दुकानातल्या. त्या दोन फिरायच्या, म्हणून सगळ्यात आधी भरायच्या. जमीन एका बाजूला उतरती होती, वितळलेलं पाणी वाहून जायला केलेली. काही खाली पडलं की घरंगळत थेट पडद्यापाशी. सिनेमे फक्त शनिवार-रविवारी, आणि तेही वेगळे. परदेशातले, हिरो नसलेले, गाणी नसलेले, जिथं एक माणूस दार उघडतो आणि तेवढ्यात निम्मा सिनेमा होतो.

असल्या सिनेमाला माणूस आणायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बाईंनी भोंग्याला धरलं. शुक्रवारी आणि शनिवारी त्यानं गल्लीगल्लीतून येत्या दोन दिवसांचे खेळ पुकारायचे.

त्याची एक रीत होती. ज्या सिनेमाची दवंडी द्यायची तो बघायचा नाही. "बघितलं की जीभ अडखळते," म्हणायचा. थेटरातला मशीनवाला त्याला दोन वाक्यांत गोष्ट सांगायचा, आणि हा गाडी ढकलताढकलता तिची वीस वाक्यं करायचा. एक म्हातारा अख्खा सिनेमाभर खिडकीशी बसून राहतो, एवढंच मशीनवाल्यानं सांगितलेलं. भोंगा ओरडत गेला, "खिडकीबाहेर त्यानं काय पाहिलं? पोलिसांनी विचारलं, सांगितलं नाही. बायकोनं विचारलं, सांगितलं नाही. तुम्हाला सांगणार आहे!" आणि शेपूट ठरलेलं. कुठलाही सिनेमा असो, शेवटी एकच. "शेवट गोड आहे हो, पोराबाळांना घेऊन या."

एकदा एक कुटुंब खरंच पोराबाळांना घेऊन गेलं. सिनेमात बर्फात अडकलेली माणसं एकेक करून उपाशी मेली. दुसऱ्या दिवशी त्या घरातल्या आजीनं भोंग्याला भर रस्त्यात थांबवून विचारलं, गोड ते कुठलं, मेल्या? शेवटचा मेला तो? गल्ली हसहसून लोळली. तेव्हापासून म्हणच पडून गेली. मुकादम पगारवाढीचं बोलला की कामगार एकमेकांना डोळा मारायचे, "भोंग्याचा गोड शेवट." डॉक्टरनं होईल बरं म्हटलं की घरचे दाराबाहेर येऊन कुजबुजायचे, "भोंग्याचा गोड शेवट." म्हणजे थाप. म्हणजे यातलं काही खरं धरू नका.

बाई चिडायच्या. म्हणायच्या, तुम्ही माझ्या सिनेमांची बदनामी करता. त्यावर हा दात काढून म्हणायचा, बाई, बदनामी झाल्याशिवाय कुणाकडे कोण बघतं. त्याला स्वतःच्या त्या प्रसिद्धीचा गर्वच होता.

आता त्याच्या लेकीचं. एकुलती एक. रंगाच्या कारखान्यातल्या कामगाराला दिलेली. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून कामगारांच्या खोल्यांची गल्ली होती, तिथं राहायची. घरी बसून मशीनवर कामाचे हातमोजे शिवायची, जाड कापडाचे. जावई शांत माणूस. लग्नाआधी प्यायचा, लग्नानंतर सोडली म्हणायचा. भोंग्यानं स्वतः निम्मं आयुष्य बाटलीत घालवलेलं. "सोडली" या शब्दाचं वजन किती असतं ते त्याला ठाऊक होतं, म्हणून मान डोलवायचा आणि मनातून विश्वास ठेवायचा नाही.

मागच्या थंडीत जावई कारखान्याच्या हौदात मेला.

रंगाचं सांडपाणी साठवायचा जमिनीखालचा हौद. तळाला गाळ बसतो, गाळाला वायू धरतो. तो साफ करायला जावई उतरला आणि वर आला नाही. त्याच्याबरोबर त्याच गल्लीतला लंबू गेला. उंचापुरा, थट्टेखोर पोरगा. म्हाताऱ्या आईचा एकटा आधार. कारखान्यानं सांगितलं, दोघं पिऊन होते, जेवणाच्या सुट्टीत कुणाला न विचारता आपणहून उतरले. आणि हे गल्लीत घरोघर पोचवलं मुकादमानं. तोही त्याच गल्लीत, कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांत राहायचा. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात. गल्लीनं ऐकलं आणि गिळलं. का गिळणार नाही? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. हौदापाशी त्या दिवशी गल्लीतले पाचसहा जण उभे होते. एकानं तोंड उघडलं नाही. उलट त्यांच्याच बायका नळावर म्हणायला लागल्या, बाई गं, दारूनं घर खाल्लं.

आणि भोंगा? तोही गप्प. लोकांना त्यानं सांगितलं की कोर्टात प्रकरण आहे, आपण बोलू नये. आतली गोष्ट वेगळी होती. त्यालाही वाटत होतं, प्यायला असेल. आपण नव्हतो का पीत? आपल्यावरूनच माणूस जग ओळखतो.

लेक एकदाच बोलली. दिवसकार्य आटोपल्यावर हा उठून निघाला, तेव्हा दारातच म्हणाली, "बाबा, कुणाची चप्पल हरवली तरी तुम्ही गावभर ओरडता. माझा नवरा गेला, तर तुमचा घसा बसला." त्यानंतर तिनं त्याच्याकडे येणं सोडलं.

त्या दिवसांत एक कॅमेरावाली मुलगी गल्लीत येऊ लागली. लोकांनी दारं लावली. लेकीनं उघडलं. लंबूच्या म्हातारीनंही उघडलं, आणि पोलिसांनी परत दिलेला पोराचा फुटका फोन तिच्या हातात ठेवला. म्हातारीला तो लावताही येत नव्हता. मुलीनं तो दुरुस्त करून घेतला. वर्ष सरता सरता तिचा सिनेमा झाला आणि बाईंनी तो रविवारी दुपारी लावायचं ठरवलं.

शुक्रवारी भोंगा बर्फाच्या कारखान्यात गेला तर लेक तिथं बसलेली. फिरत्या खुर्चीत, पाय जमिनीला घट्ट टेकवून. ती म्हणाली, रविवारचा खेळ तुम्ही पुकारायचा. आमच्या गल्लीत. गल्ली आली पाहिजे, त्यांनी बघितलं पाहिजे, मग काय बोलायचं ते बोलू देत. आणि एवढं सांगून वर म्हणाली की आधी बघून घ्या. बाईही म्हणाल्या, आत्ता लावते, बसा.

तो बसला नाही. रीत मोडत नाही म्हणाला. खरं म्हणजे घाबरला. पडद्यावर बाटली दिसली तर? लेकीच्या शेजारी बसून ती बघायची? त्यानं मशीनवाल्याला बाजूला घेतलं आणि नेहमीसारखी दोन वाक्यं मागितली. मशीनवाला म्हणाला, "दोन माणसं हौदात उतरली. का उतरली ते आहे."

शनिवारी संध्याकाळी गाडी निघाली. बाकीच्या रस्त्यांवर त्याचा आवाज नेहमीसारखा खणखणीत. कामगारांच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यानं पाण्याचा घोट घेतला आणि माईक तोंडाला लावला.

सुरुवात चांगली झाली. रविवारी दुपारी, बर्फाच्या थेटरात, याच गल्लीतल्या दोन माणसांची गोष्ट. कोण होते, काय काम करायचे, कुणी त्यांना खाली धाडलं. एवढं ऐकून माणसं दारात आली. मुकादम ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, त्यानं पायावरचा पाय खाली घेतला. कुणी हसेना, कुणी टोमणा मारेना. एवढ्या वर्षांत या गल्लीनं त्याचं बोलणं असं कान देऊन कधी ऐकलं नव्हतं. आणि त्या शांततेनंच त्याचा घात केला. हसण्यावर चालणारा माणूस तो, शांततेत त्याचा पाय घसरला. पुढे काय बोलावं सुचेना. सिनेमा बघितलेला नव्हता, सांगायला होतंच काय? आणि मग उचलली जीभ लावली टाळ्याला. सवयीच्या चाकोरीतून गाडी घरंगळली.

"शेवट गोड आहे हो, पोराबाळांना घेऊन या."

मग कुठल्यातरी खिडकीतून एक जण फसकन हसला. मग दुसरा. मग सगळी गल्ली, आणि त्या हसण्यात सुटकेचा केवढा तरी श्वास होता. मुकादम उठून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ऐकलंत ना? सासऱ्यानंच शिक्का मारला. भोंग्याचा गोड शेवट."

भोंगा माईकमध्ये "नाही, नाही हो, हे खरं आहे" म्हणत राहिला. जितकं म्हणाला तितकं हसू वाढलं. लांडगा आला रे ओरडणाऱ्यानं खऱ्या लांडग्याच्या दिवशी आणखी काय करायचं असतं?

लेक दारात उभी होती, हातात अर्धा शिवलेला मोजा. ती हसली नाही, रडली नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. आत गेली. थोड्या वेळानं मशीनची घरघर सुरू झाली.

रविवारी सकाळी तो गाडीशिवाय गेला. दार वाजवायचं आणि हात जोडून म्हणायचं, या, बघून तर जा. माईक नसला की त्याचा आवाज इतका बारीक होता हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. लोक हो हो म्हणाले. एकानं विचारलं, खरंच गोड आहे का, आणि आत वळून कुणालातरी डोळा मारला. लेकीनं दार अर्धंच उघडलं. "झालं ना ओरडून? जा आता," म्हणाली.

दुपारी तो थेटरात गेला आणि सगळ्यात मागच्या खुर्चीत बसला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. बाईंची नेहमीची माणसं होती, कॉलेजची काही पोरं होती. गल्लीतून एकटी त्याची लेक. न्हाव्याच्या खुर्च्यासुद्धा रिकाम्या.

सिनेमात काय होतं? गल्ली होती. हातमोज्यांचा ढीग होता. लेक पडद्यावर बोलत होती, नवऱ्याबद्दल, हौदाबद्दल. बापाबद्दल एक अक्षर नाही, आणि ते त्याला जास्त लागलं. मग फोनचा तुकडा आला. लंबूला काहीही टिपायची खोड होती. त्यानं फोन चालू करून शर्टाच्या खिशात ठेवलेला, आणि पुढे शर्ट काढला तेव्हा तो तसाच राहिलेला. चित्र म्हणाल तर आधी खिशातला अंधार, मग वर छपराचा पत्रा, दुसरं काही नाही. बाकी नुसते आवाज.

जावयाचा आवाज. साहेब, तोंडाला लावायचं काहीतरी द्या, मागच्या वेळी डोळे फिरले होते. मग मुकादमाचा. "अरे गाळ उपसायचाय, समुद्रात नाही जायचं. उतर. दोन मिनिटांचं काम." लंबू थट्टा करतोय, बायकोनं शिवलेले मोजे घातलेत बघा नवरदेवानं, मळवू नको रे. कुणीतरी हसतंय. बादलीचा खणखणाट. मग बराच वेळ काही नाही. मग लंबूच्या हाका, आधी चेष्टेच्या, मग चेष्टा संपलेल्या. मग मुकादम म्हणतोय, जा रे, बघ त्याला काय झालं. आणि लंबू म्हणतोय, "मी बघतो. माझा शर्ट धरा."

त्यानंतर पत्रा. पत्रा आणि लांबवर मोटारीची घरघर. माणसांची पळापळ. आणि पुष्कळ वेळानं, जवळून, दबक्या आवाजात, मुकादम फोनवर बोलतोय. "हो साहेब, दोघंही. हो. पिऊन होते म्हणू का?"

हे पोलिसांत दिलेलं होतं. कोर्टातही दिलेलं होतं. कोर्टात पुढची तारीख पडत होती.

दिवे लागले तेव्हा भोंगा जागेवर नव्हता. तो मशीनच्या खोलीत मशीनवाल्यापाशी उभा होता. एवढा तुकडा मला दे, म्हणत होता, नुसता आवाज. मशीनवाल्यानं बाईंकडे बघितलं. बाईंनी कॅमेरावालीला फोन लावला, तिचा होकार घेतला, आणि मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या लेकीकडे बघितलं. म्हणाल्या, चित्राशिवाय काय कळणार लोकांना? भोंगा म्हणाला, "चित्रात पत्राच तर आहे, बाई. ती गल्ली माझ्या आवाजाला हसते. या आवाजांना हसून दाखवू देत."

लेक आत येऊन बापासमोर उभी राहिली. मग म्हणाली, "द्या त्यांना."

उन्हं उतरताना गाडी पुन्हा गल्लीत शिरली. माईक त्यानं घरी ठेवला होता. कर्ण्याची वायर फोनला जोडलेली, फोन बॅटरीशेजारी फडक्यात गुंडाळलेला. लेक दोन पावलं मागे चालत होती. दारातल्या पोरांनी ओरडून विचारलं, आज काय, शेवट गोड का? त्यानं गल्लीच्या मध्यावर गाडी उभी केली आणि बटण दाबलं.

जावई बोलायला लागला.

दोरीवरचे कपडे काढणारी एक बाई हात वर करून तशीच राहिली. एकामागून एक घरांतले टीव्ही बारीक झाले. मग कर्ण्यातून मुकादमाचा आवाज आला. तो आवाज ओळखायला कुणाला चित्र लागत नव्हतं, रोज तोच त्यांना कामाला जुंपत होता. उतर. दोन मिनिटांचं काम. पत्र्याच्या कर्ण्यातून तो आणखी कर्कश येत होता. ज्या घरांतली माणसं त्या दिवशी हौदापाशी होती, तिथल्या खिडक्या आधी लागल्या. कोंबडं झाकलं म्हणून काय आरवायचं राहतं?

मुकादम ओट्यावरून उतरून आला. बंद कर म्हणाला, एकदा, दोनदा. भोंगा ऐकत नाही असं बघून त्यानं गाडीला लाथ घातली. कर्णा कलंडला, वायर निसटली, आवाज मध्येच तुटला. आता गल्ली पुढे येईल असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं गल्ली बघितलेली नाही. एक माणूस हलला नाही. लेक पुढे आली, वाकली, वायर पुन्हा खोचली. मुकादम तिच्या अंगावर हात टाकणार तेवढ्यात कर्ण्यातून त्याचाच आवाज आला, "पिऊन होते म्हणू का?" आणि त्याचा हात तिथंच राहिला. तो वळला, घरात गेला, आतून कडी लावली. एवढंच झालं. त्याला कुणी जाब विचारला नाही, कुणी शिवी घातली नाही. दुसऱ्या दिवशी तो कामावर असणार होता आणि गल्ली त्याच्या हाताखाली.

तेवढ्यात टोकाच्या खोलीतून लंबूची म्हातारी आली. भिंतीला धरत, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. सिनेमात पोराचा आवाज आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हातारी आहे, सोसायचं नाही, असं सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. तिला एवढंच माहीत होतं की पोरगं प्यायलं, सोबतीबरोबर उतरलं आणि मेलं.

"लंबू बोलला," ती म्हणाली. "परत लाव."

भोंग्यानं लेकीकडे बघितलं. लेकीनं मान हलवली. त्यानं परत लावलं. हाका, मग मुकादम, मग ते वाक्य. मी बघतो. माझा शर्ट धरा.

म्हातारी कर्ण्याच्या तोंडाशी कान नेऊन उभी होती. जवळून तो आवाज कानठळ्या बसवणारा, पण ती मागे सरली नाही. "वाचवायला गेला होता?" तिनं विचारलं.

"माझ्या जावयाला," भोंगा म्हणाला. "मावशी, तो प्यायलेला नव्हता. दोघंही नव्हते."

म्हातारीनं ते ऐकलं की नाही कळलं नाही. ती गल्लीकडे वळली. बंद खिडक्यांकडे, ओढलेल्या पडद्यांकडे, दारात थिजून उभ्या राहिलेल्या माणसांकडे. रागानं नाही, एखादी वस्तू सापडत नाही म्हणून घरच्यांना विचारावं तसं तिनं विचारलं.

"शर्ट कुणी धरला होता रे?"

ती पुढच्या दारापाशी गेली आणि तेच विचारलं. मग त्याच्या पुढच्या. दारातली माणसं तिला वाट करून देत होती आणि खाली बघत होती. एका बंद दारामागे कुणीतरी खोकलं आणि खोकला दाबला. म्हातारी तिथं जरा जास्त थांबली. मग पुढे गेली.

गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ती परत आली आणि गाडीच्या कडेला बसली. पुन्हा लाव म्हणाली. भोंगा लावत राहिला. बॅटरी उतरत चालली तसे आवाज बारीक होत गेले, आणि शेवटी कर्ण्यात नुसती खरखर उरली. लेकीनं वायर काढली, म्हातारीला हाताला धरून उठवलं आणि तिच्या खोलीकडे न्यायला लागली. चालताचालता मागे न बघता म्हणाली,

"बॅटरी भरून आणा, बाबा. सकाळी कारखान्याच्या फाटकावर या, पाळी बदलायच्या आधी."

"येतो," तो म्हणाला.